बिनफटीचं दार

"या दारातून मुंगीला आत जायचं असेल, तर तिनेसुद्धा आधी अर्ज करावा," असं बिनफटराव म्हणायचे. म्हणायचे आणि समोरच्याने हसावं म्हणून थोडं थांबायचे. कोणी हसलं नाही, तर तेच वाक्य पुन्हा डासाबद्दल म्हणायचे.

हे नाव त्यांना कारखान्याने दिलं होतं. कारखाना सार्वजनिक संडासांच्या खोल्या बनवायचा. भिंती, दार, कडी, सगळं तयार. नेऊन उभं केलं की झालं. कारखान्यात अशा खोलीला खोकं म्हणत. आजवरच्या प्रत्येक खोक्याला दाराखाली वीतभर फट होती आणि वर हातभर. फळी कमी लागते, धुवायला सोपं जातं, हवा खेळती राहते, असं मालकांचं म्हणणं. बिनफटराव तिथे नकाशे काढायचे आणि फटीशी त्यांचं जुनं वैर होतं.

वैराचं मूळ मालकच. कारखान्याच्या स्वतःच्या संडासातही हीच खोकी बसवलेली. मालकांना कामात खंड पडलेला खपत नसे. कोणी जागेवर दिसलं नाही की ते संडासात जाऊन दारांखालचे बूट बघत फिरायचे. बिनफटरावांचे बूट ओळखणं फार सोपं, कारण तपकिरी बुटांना एक नाडी तपकिरी आणि एक काळी. ते दिसले की मालक वाकायचे आणि फटीतून कागद आत सरकवायचे.

"तेवढी सही करा. सावकाश. मी आहे इथे."

सावकाश म्हणे! बाहेर मालकांचे बूट वाट बघत उभे, आत कागद गुडघ्यावर, पेन कुठल्या खिशात आणि तो खिसा आत्ता नेमका कुठे, याचा शोध सुरू. बिनफटरावांच्या आयुष्यातल्या निम्म्या सह्या अशा अवघडून झालेल्या होत्या, आणि दिसायच्याही तशाच. एकदा तर कोणाच्या तरी वाढदिवसाचा केकसुद्धा फटीतून आत आला होता. बशीत.

त्या केकनंतर त्यांनी बिनफटीचं खोकं काढायला घेतलं.

खाली फट नाही. वर फट नाही. बिजागरीच्या बाजूला रबर. भिंतीत पत्रा, पत्र्याच्या आत कापूस, त्यामुळे आत बँड लावला तरी बाहेर कळू नये आणि बाहेर जग बुडालं तरी आतल्याला कशाला उगाच त्रास. हवेसाठी छतात नळी, तीही वाकडी, कारण नजर सरळ जाते. कडी फक्त आतून. आणीबाणीत बाहेरून नाणं घालून फिरवायची एक खाच असते, ती त्यांनी काढून टाकली. म्हणाले, खाच म्हणजे फटीचं पिल्लू. दार बाहेर उघडणारं, आणि त्याला अशी दणकट स्प्रिंग की एक तर घट्ट बंद, नाहीतर सताड. मधलं काही नाही. अर्धवट उघडं दार म्हणजे तरी काय? फटच ना! कडी लावली की बाहेर लाल खूण यायची, आणि खुणेखाली पाटी: "लाल असताना दार वाजवू नये. हाक मारू नये. रेंगाळू नये."

घरी त्यांनी हा सगळा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून बायकोला समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकलं आणि आमटीचं भांडं नकाशाच्या नेमकं मधोमध ठेवलं.

"एवढं बंद केलंत खरं," ती म्हणाली, "पण आत कोणी राहायलाच आलं तर कळणार कसं?"

बिनफटरावांनी भांडं उचलून नकाशाच्या कडेला ठेवलं. थोर कामाच्या आड आमटी यायचीच.

मालकांना हे नवं खोकं मुळीच पसंत नव्हतं. त्यांचा सगळा कारभारच फटीतून चालायचा. पण शहरातल्या बागांची एक समिती होती आणि तिला प्रत्येक बागेत नवी खोकी हवी होती. मालक म्हणाले, दाखवून बघा. त्यांना आवडलं तर तुमचं खरं. नाही आवडलं तर हे खोकं भंगारात आणि तुम्ही पॅकिंग विभागात. पॅकिंग विभागात नकाशाचं टेबल नव्हतं. खुर्चीही नव्हती. पुठ्ठे होते.

समिती येणार त्या सकाळी पुढच्या दालनात दोन खोकी शेजारीशेजारी उभी केली होती: डावीकडे जुनं फटीचं, उजवीकडे नवं बिनफटीचं. दोन्ही नुसते नमुने. खाली पाईप नाही, वर पाणी नाही. बिनफटराव टाय लावून हजर होते. समितीला यायला अजून अवकाश होता, म्हणून ते दालनातल्या बाकावर जरा टेकले.

बाकाला कारखान्याच्या मिस्त्रींनी नुकताच पांढरा रंग दिला होता.

आत

पँटवर मागच्या बाजूला रुंद पांढरा पट्टा उमटला होता, झेब्र्याने पट्टे काढायला सुरुवात करून मध्येच काम सोडून द्यावं तसा. आता पँट काढणं आलं. काढायची कुठे? संडासात जावं तर तिथे फट. पण दोन पावलांवर जगातली सगळ्यात खासगी जागा उभी होती, आणि ती त्यांनीच बनवली होती! आतली फरशी नवीकोरी चकचकीत, म्हणून त्यांनी बूट बाहेरच काढले, आत गेले, मिटत आलेलं दार खांद्याने अडवून धरलं आणि हात तेवढा बाहेर काढून पँट बाहेर उभ्या मिस्त्रींच्या हातात दिली.

"टर्पेंटाइन लावून पुसा आणि लगेच आणून द्या."

"हो साहेब. पण परत देताना..."

तेवढ्यात स्प्रिंगने आपलं काम केलं. दार मिटलं आणि मिस्त्रींचं उरलेलं वाक्य बाहेर राहिलं. दार ब्रीदाला जागलं होतं.

बिनफटरावांनी कडी लावली आणि कमोडवर टेकले. शर्ट, टाय, मोजे. वरच्या दुधी काचेतून छान उजेड येत होता. आवाज काहीच नाही. त्यांना स्वतःचा अभिमान वाटला.

बाहेर

बाहेर काय झालं ते बिनफटरावांना सगळं संपल्यावर कळलं. आपल्याला मात्र आत्ताच कळायला हरकत नाही. आपापली पँट आपापल्या अंगावर आहे.

मिस्त्रींनी पँट पुसली, आणली आणि दारासमोर उभे राहिले. लाल. महिनाभर ते दार बसवताना जरा ठोकलं की बिनफटराव खेकसायचे, पाटी वाचता येते ना? तरी आज त्यांनी धीर करून एका बोटाने टकटक केली. टकटक कापसात शिरली आणि तिथेच झोपली. मिस्त्रींनी कानोसा घेतला. मग म्हणाले, साहेब उघडतील तेव्हा देऊ, आणि थांबले.

इतक्यात मालक समितीला घेऊन दारात. मिस्त्रींची धांदल उडाली. पाहुण्यांसमोर हातात ओली पँट घेऊन उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी ती शेजारच्या जुन्या खोक्याच्या दारावर वरून टाकली. वरची फट वाळवणाला उत्तम. वाटेत बूट होते. कोणाला अडखळायला नको म्हणून ते पायाने त्याच दाराखाली सरकवले, टाचा आत, टोकं बाहेर, अगदी नीट.

मालक आत आले आणि त्यांची नजर सवयीने दाराखाली गेली. तपकिरी बूट. एक काळी नाडी. वर पँट.

"मालक," मिस्त्री कुजबुजले, "साहेब आत आहेत."

"दिसतंय मला," मालकही कुजबुजले. त्यांचा चेहरा पुठ्ठ्यासारखा झाला होता. "बिस्किटं आणा. लांबच्या दुकानातून आणा."

मिस्त्री गेले. आणि बिनफटराव कुठे आहेत हे ठाऊक असलेला एकमेव माणूस बिस्किटांना गेला.

आत

मिस्त्री फार वेळ लावत होते. दोनदा हाक मारून झाली होती. तिसऱ्यांदा बिनफटराव चांगले ओरडले, आणि मग लक्षात आलं की ओरडण्याचा काही उपयोग होत नाही, याच मुद्द्यावर आज खोकं विकायचं आहे.

मग दाराला हिसका बसला. बाहेरून कोणीतरी ओढत होतं. मिस्त्री ओढणार नाहीत. मिस्त्रींना पाटी माहीत होती. म्हणजे समिती! त्यांनी दोन्ही हातांनी कडी धरून ठेवली आणि श्वास रोखला. श्वास रोखायची गरज नव्हती, पण अशा वेळी माणूस रोखतो.

बाहेर

"बघा, हलत नाही," मालक म्हणाले. "असं पक्कं काम आहे."

समितीत तिघं जण होते. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्यासोबत एक टेपवाले सभासद, ज्यांना दिसेल ते मोजायची आवड होती, आणि एक नुसते मान हलवणारे.

"लाल का आहे?" बाईंनी विचारलं.

मालकांना माहीत नव्हतं. त्यांनी ठोकून दिलं की नमुना लालच ठेवतो, हात लागू नये म्हणून. बाईंनी चष्मा लावून पाटी वाचली. सावकाश, तिन्ही वाक्यं. मग त्या चार पावलं मागे सरकल्या आणि बाकीच्यांनाही सरकायला लावलं.

"अहो बाई, नमुना आहे," टेपवाले म्हणाले.

"लाल ते लाल. आणि रेंगाळू नये असंही लिहिलंय. तुम्ही रेंगाळताय."

टेपवाले ओशाळून बाकावर जाऊन बसले.

मालकांचं लक्ष मात्र डाव्या खोक्यावर खिळलेलं होतं. त्या नमुन्याला खाली पाईप नाही, आणि त्यांचा नकाशेवाला त्याच नमुन्यात, पँट दारावर टाकून, समितीसमोर! त्यांनी घाम पुसला, खिशातून कागद काढला, लिहिलं आणि बाईंची पाठ वळताच फटीतून आत सरकवला. "समिती आली. बाहेर या." बूट हलले नाहीत. दुसरा कागद: "त्याला पाईप नाही!" बूट ढिम्म. तिसऱ्या कागदावर मालकांनी अगदी रडकुंडीला येऊन लिहिलं, "निदान पाय तरी हलवा."

बाईंनी हे पाहिलं. बाई सगळंच पाहायच्या. नोकरीच तशी केली होती.

"तुमची माणसं जुना नमुना वापरून बघतात वाटतं," त्या म्हणाल्या.

मालक म्हणाले, तुलना करतोय.

आत

शांतता.

गेले असतील? की सगळे दारासमोर उभे राहून म्हणत असतील, की आत कोणी असेल का?

बिनफटरावांनी खाली वाकून बघितलं. रबर. वर बघितलं. दुधी काच. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कोणाचे तरी बूट बघायची तीव्र इच्छा झाली. मालकांचे असते तरी चाललं असतं. आपण आजवर ज्या फटीला शिव्या घातल्या, तिला पलीकडची बाजू होती तशी अलीकडचीही होती, हे त्यांना मोज्यांवर उभं राहून उमगत होतं. दार किंचित उघडून पाहावं तर स्प्रिंग. किंचित हा शब्दच त्यांनी त्या दारातून हद्दपार केला होता.

गुंडाळायला काही मिळतं का म्हणून त्यांनी भिंतीवरच्या कागदाच्या बंडलाला हात घातला. बंडल फिरलं, पण सुटेना. नखाने खरवडलं. नमुना असल्यामुळे ते लाकडाचं होतं, वर पांढरा रंग. मिस्त्रींचा हात फारच सफाईदार.

उरला टाय. टाय त्यांनी शक्य तेवढा खाली ओढला. त्याने फारसा फरक पडला नाही. डोळ्यांपुढे पॅकिंग विभाग आला, आणि पुठ्ठ्यांत उभे असलेले ते स्वतः. त्या चित्रातही पँट नव्हती.

बाहेर

टेपवाल्यांना फार वेळ बसवेना. त्यांनी जुन्या खोक्याची फट मोजायला घेतली. टेपचं टोक बुटाला लागलं आणि बूट आडवा झाला. अगदी हलकेच, रिकामा बूट आडवा होतो तसा.

"यात पाय नाही," टेपवाले म्हणाले.

मालकांनी पुढे होऊन जुनं दार उघडलं. आत तीन कागद पडलेले. वर पँट, खाली बूट, आणि दोन्हींच्या मधे जो असायचा तो नाही. मान हलवणारे सभासद मान हलवायची विसरले.

मग सगळ्यांच्या माना एकाच वेळी उजवीकडे वळल्या. लाल.

मालकांनी सवयीने कागद काढला आणि वाकले. वाकल्यावर आठवलं. फट नव्हती. ते तसेच वाकलेले राहिले. आतल्या माणसाशी बोलायचा दुसरा मार्ग त्यांना कोणी कधी शिकवला नव्हता. त्यांनी दार ठोकलं, हाका मारल्या, आणि कापसाने सगळं पचवलं.

"तोडा," टेपवाले म्हणाले. "करवत आणा. आणि लिहून टाकू या, हे धोक्याचं आहे म्हणून."

मालकांनी खांदे पाडले. तोडलेला नमुना कोणी विकत घेत नाही.

"थांबा," बाई म्हणाल्या. "तो माणूस आत सुखरूप आहे. त्याची अडचण बाहेर यायची आहे, आणि ती अडचण म्हणजे आपण." त्यांनी दारावरची पँट काढली, झटकली, नीट घडी केली. "सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा."

"मीसुद्धा?" मालक म्हणाले. "मी मालक आहे."

"मालकांनी आधी."

दार

आत बिनफटरावांनी ठरवलं की आता जेवणाची वेळ टळून गेली असणार, समिती गेली असणार, आपण पॅकिंग विभागात गेलेलो असणार, आणि झालं ते झालं. त्यांनी टाय धरला, डोळे मिटले आणि कडी फिरवली.

स्प्रिंगने आपलं इमान राखलं. दार धाडकन, सताड, भिंतीपर्यंत उघडलं. दालनात वारा सुटला.

डोळे उघडले तेव्हा समोर चार पाठी होत्या. ओळीने. भिंतीकडे तोंड करून, शाळेत गृहपाठ न केलेल्या मुलांसारख्या. त्यातल्या एका पाठीखाली, पँटवर, रुंद पांढरा पट्टा होता. म्हणजे बाक अजून वाळलेला नव्हता. आणि एका पाठीमागे एक हात पुढे केलेला होता. हातात घडी घातलेली पँट.

"घ्या," बाई भिंतीला म्हणाल्या.

बिनफटरावांनी पँट घेतली आणि आत वळून दार ओढायला हात घातला.

"दार लावू नका हो," बाई म्हणाल्या. "नाहीतर आम्हाला उद्यापर्यंत असंच उभं राहावं लागेल."

ते दार उघडं ठेवून, चार माणसांच्या साक्षीने आणि एकाच्याही नजरेला न पडता, पँट चढवून मोकळे झाले. पट्टा पूर्ण निघालेला नव्हता. टर्पेंटाइनचा वास मात्र भरपूर होता.

"झालं?"

"झालं बाई."

"वळू?"

"चेन राहिली. हं. वळा."

सगळे वळले. बिनफटरावांनी तोंडपाठ केलेलं भाषण आठवून पाहिलं. मुंगीचं वाक्य तेवढं आठवत होतं. ते त्यांनी म्हटलं नाही. मालकांनी काहीतरी सारवासारव सुरू केली, तर बाई त्यांना ओलांडून सरळ नव्या खोक्यात गेल्या आणि त्यांनी कडी लावली. लाल.

कोणी रेंगाळलं नाही. सगळे चार पावलं मागे जाऊन उभे राहिले.

बाई बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. चष्मा हातात होता.

"शाळेत आमच्या दाराला खाली फट होती," त्या म्हणाल्या. "मुली बूट ओळखायच्या. मी सकाळपासून शाळा सुटेपर्यंत पाणी प्यायचे नाही. इतकी वर्षं." मग चष्मा लावून त्या पुन्हा मुख्याध्यापिका झाल्या. "सगळ्या बागांना हीच द्या. पण खाली थोडी फट ठेवा."

"फट?" बिनफटराव पँट मिळाल्याचा आनंद क्षणभर विसरले. "बाई, फटीतून कागद येतात."

"येऊ देत. पायाने परत ढकलायचे. घडी घातलेली पँट सरकेल आणि बाहेर कोण उभं आहे ते आतल्याला वाकून बघता येईल, एवढीच. आणि ती स्प्रिंग काढा. मेलं तोंडावर बसतं."

टेपवाल्यांनी लगेच पँटची घडी मोजायला मागितली. बिनफटराव म्हणाले, अंगावर आहे.

तेवढ्यात मिस्त्री बिस्किटं घेऊन आले. त्यांनी उघडं दार बघितलं, साहेबांच्या अंगावरची पँट बघितली आणि विचारलं, "मग मी सांगत होतो ते पोचलं का साहेब?"

फट

पहिली बाग उघडली त्या दिवशी पहिला मान बिनफटरावांना मिळाला. खरंखुरं खोकं, पाईपसकट, पाण्यासकट. घाईच्या दिवसांत त्या बिनफटीच्या नमुन्यातलं जे जे चांगलं होतं ते सगळं यात बसवलेलं. ते आत गेले, कडी लावली आणि टेकले. कापूस होता. रबर होतं. दाराखाली घडी घातलेल्या पँटएवढी फट होती, आणि तिच्यातून हिरवं गवत दिसत होतं. नुसतं गवत. त्यांनी ते मनसोक्त पाहिलं. बाईंच्या म्हणण्यात तथ्य होतं. बाहेर कोणी नाही हे कळणं म्हणजेच खरा एकांत. सगळं यथासांग पार पडलं, आणि त्यांनी भिंतीवरच्या कागदाला हात घातला.

बंडल फिरलं, पण सुटेना.

नखाने खरवडलं. वर पांढरा रंग. मिस्त्रींचा सफाईदार हात.

बिनफटराव बराच वेळ त्या लाकडाकडे बघत बसले. मग खाली गवत हललं. दोन बूट आले, ओळखीचे, आणि फटीतून एक कागद अलगद आत सरकला.

"उरलेल्या बागांची ऑर्डर आहे. तेवढी सही करा," मालकांचा आवाज आला. "सावकाश."

पाय उचलला होता, पण बिनफटरावांनी तो कागद परत ढकलला नाही. त्यांनी वाकून फटीला तोंड लावलं आणि हळूच विचारलं,

"मालक, कोरे कागद आहेत का हो आणखी?"